म्हातारा मेला आणि मग चहा प्याला

ता. १, सोमवार

आज घरात भांडण झालं आणि त्यात मी हरले. म्हणून ही वही काढली. पुस्तकं बांधताना कापून उरलेल्या कागदांची गेल्या वर्षी मीच शिवली होती, कशाला तरी होईल म्हणून. भांडणात जे सुचलं नाही ते लिहायला तरी होईल.

आमची भिंगरी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात नापास झाली त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ती नावापुरती भिंगरी, बाकी नुसता दगड. पुन्हा परीक्षेला बसायचं तर तीस तारखेपर्यंत शाळेत फॉर्म द्यायचा आहे. ही म्हणते, नाही भरणार. मैत्रीण खोके भरायच्या कारखान्यात जाते, तिच्याबरोबर जाणार. "एक वर्ष थांबते, मग बघू." हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. सातवीनंतर मीही एकच वर्ष थांबणार होते. त्याला आता तेहतीस वर्षं झाली.

मी म्हटलं, "अगं, पुस्तक उघडलंस तर काहीतरी डोक्यात जाईल ना!"

तर म्हणते, "तू किती उघडलीस गं आई? बावीस वर्षं वाचनालयात पुस्तकं बांधतेस. त्यातलं एक तरी वाचलंस?"

हे लगेच छताकडे बघायला लागले. प्लास्टरातला पाय उशीवर, त्यामुळे उठून जाता येईना. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, वीस वीस मजल्यांवर लोंबकळतो तेव्हा काही होत नाही, आणि घरातल्या स्टुलावरून पडला.

खोटं काय बोलली पोर? फाटलेलं पुस्तक आलं की मी पाठ बघते, शिलाई बघते, पानांचे आकडे बघते. मजकूर कधी बघत नाही. पण हरायचं कसं? म्हटलं, "वाचीन की! त्यात काय मोठंसं!"

"चार वाच. या महिन्यात. मी फॉर्म भरते."

"भरशील?"

"भरीन. पण चित्रांची चालणार नाहीत, दीडशे पानांच्या वरची हवीत, आणि प्रत्येकावर मी प्रश्न विचारणार."

"शब्द फिरवायचा नाही."

"तूही नाही."

झालं. रागाच्या भरात बोलून बसले. आणि महिना तरी कसला! नव्या ग्रंथपाल बाईंना महिनाअखेरीपर्यंत एकशे ऐंशी पुस्तकं बांधून हवी आहेत, यांचा पाय गळ्यात, आणि भावाला बघायला वन्सं येणार आठ दिवस. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

ता. ३, बुधवार

कपाटापुढे उभी राहून सगळ्यात बारीक पुस्तक शोधलं. पाठ बघून जाडी मला डोळे मिटून कळते. एकशे चोपन्न पानं. जहाजावरच्या एका आचाऱ्याने स्वतःची हकिकत लिहिली आहे.

बसमध्ये बारा थांबे आणि चार पानं. म्हणजे थांब्याला एक परिच्छेदसुद्धा नाही. वाचताना माझे ओठ हलतात. शेजारच्या बाई टक लावून बघत होत्या. बघू दे. त्यांच्या मुलीचा फॉर्म नाही अडलेला.

ता. ५, शुक्रवार

बावन्न पानं. आचारी बोटीवर कामाला लागतो तो पहिली तीस पानं ओकतोच आहे.

एक गोष्ट लक्षात आली. मी पुस्तक घरी ठेवते तेव्हा पानात दोऱ्याचा तुकडा घालून ठेवते. परत हातात घेते तेव्हा तो दोरा दुसऱ्याच पानात असतो. भिंगरी तपासत असणार, आईने खरंच किती वाचलं ते. पोटची पोर आणि पहारेकऱ्यासारखी वागते.

आणि आज कामावरून आले तर भांडी घासलेली. सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला होता." कंटाळा आल्यावर भांडी घासणारी मुलगी मी आजवर बघितली नाही. काहीतरी शिजतंय.

ता. ८, सोमवार

पहिलं संपलं! प्रश्न झाले. आचाऱ्याचा पगार कोणी कापला, वादळात भांडी कशाने बांधली, आणि शेवटी तो घरी का गेला नाही. पहिले दोन मी फाडफाड सांगितले. तिसऱ्याला अडले. म्हटलं, "मला वाटतं त्याला लाज वाटली. इतकी वर्षं गेला नाही तर आता कुठल्या तोंडाने जायचं."

भिंगरीने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "पास." हेही पलंगावरून ओरडले, "पास!" यांना कोणी विचारलं होतं?

पण खरं सांगते, इथे खोटं कोणासाठी लिहायचं? शेवटची दहा पानं मी पैजेसाठी वाचली नाहीत. त्याचं काय होतं ते मला बघायचं होतं.

ता. १२, शुक्रवार

वन्सं आल्या. पिशवी ठेवायच्या आत म्हणाल्या, "काय गं, वाळलीस!" मग भावाचा पाय बघून रडल्या आणि पाच मिनिटांनी त्यालाच म्हणाल्या, "लहानपणापासून धांदरटच तू."

दुसरं पुस्तक एका डॉक्टरीणबाईंचं आत्मचरित्र, दोनशे आठ पानं. वन्संच्या तोंडाला खीळ नाही, त्यामुळे घरी एक ओळ पुढे सरकत नाही. कामावर दिवसाला नऊ पुस्तकं बांधते आहे. हाताला चिकटवायच्या खळीचा वास आणि डोळ्यांपुढे अक्षरं. काल बसमध्ये वाचता वाचता डोळा लागला आणि तीन थांबे पुढे गेले.

ता. १५, सोमवार

नवल म्हणजे भिंगरी रोज आपणहून आत्याला फिरायला घेऊन जाते. दोन दोन तास. एरवी आत्या आली की ही पोर गच्चीत लपायची. माझं तोंड बघायला नको म्हणून बाहेर पडत असेल. जाऊ दे. तिचा राग माझ्या पथ्यावर पडला. तेवढ्यात माझी पंचवीस-तीस पानं होतात.

ता. १७, बुधवार

दुसरंही पास. यावेळी पाच प्रश्न विचारले तिने! मी म्हटलं, "एवढे कशाला?" तर म्हणे, "त्या बाईंच्या नवऱ्याबद्दल तुला काय वाटतं ते ऐकायचं होतं." आम्ही दोघी अर्धा तास त्या नवऱ्याला शिव्या घालत बसलो. हे म्हणाले, "मी इथेच आहे हं."

अर्धा महिना उलटून गेला आहे. अजून दोन. घाबरले आहे.

ता. २०, शनिवार

तिसरं मुद्दाम माझ्या हातचं घेतलं. नऊ वर्षांपूर्वी बांधलेलं, अजून पाठ ताठ आहे. कादंबरी आहे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याची. बायको गेलेली, मुलीशी बोलणं तुटलेलं.

हे मात्र अवघड निघालं. म्हातारा मरतो. मी बसमध्ये रडले. पान उलटलं तर वाक्य मधेच तुटलेलं, आणि म्हातारा मुलीशी भांडतोय! भांडून झाल्यावर उठतो, तिच्या हातचा चहा पितो. मग पुन्हा सगळे रडायला लागतात आणि दुकानाची वाटणी होते. मी तीनदा मागेपुढे केलं. वाटलं, भूत असेल. मग वाटलं, आठवण असेल. शेवटी म्हटलं, मोठे लेखक असंच लिहीत असतील, सातवी शिकलेल्या बाईला कसं कळणार? पुढे वाचलं आणि संपवलं. पण मनात चुटपुट राहिली आहे.

ता. २१, रविवार

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही.

वन्सं काल गेल्या, म्हणून आज निवांत प्रश्न. भिंगरीने विचारलं, "म्हाताऱ्याला मरताना कसली काळजी होती?"

मी म्हटलं, "मेल्यावर म्हणतेस की मरताना?"

"मरताना. मेल्यावर कसली काळजी?"

"नाही, कारण मेल्यावर तो चहा प्याला ना."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कोण?"

"म्हातारा. मेला, मग भांडला, मग चहा प्याला. साखर कमी होती म्हणाला."

आणि पोर हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग जमिनीवर बसून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हेही हसायला लागले, पाय हलला म्हणून ओरडले आणि पुन्हा हसले. आठ महिन्यांत या घरात असं हसू झालं नव्हतं. आणि मला मात्र रडू फुटलं. म्हटलं, "हसा! नाही कळलं मला. गेले मी पैजेत. मी अडाणीच आहे."

तशी भिंगरी हसायची थांबली. पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आई, तू वाचू नकोस. कामावर बघतेस तसं बघ."

मी बघितलं. पानांवर आकडेच नाहीत. छापखान्यातच कडा कापताना सुरी खोल गेली आणि खालचे सगळे आकडे उडाले होते. मग शिलाईकडे बघितलं आणि कानशिलं तापली. छापखान्यातून पुस्तक सोळा सोळा पानांच्या घड्यांनी येतं, त्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. मी आठवा फर्मा नवव्याच्या मागे शिवून टाकला होता. बाहेरून पाठ ताठ आणि आत माणूस मेल्यावर चहा पितोय. बावीस वर्षं मी फक्त आकडे बघितले, मजकूर बघितला नाही. आणि आता मजकुराच्या नादात आकडे बघायचे विसरले. आकडे नाहीत हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही!

"तुला कसं कळलं गं?" मी विचारलं.

"कळलं," म्हणाली आणि चहा टाकायला उठली. हुशारच आहे. नुसतं चाळून कळलं असणार.

ती म्हणाली, हे धरू या, पास. मी म्हटलं, मुळीच नाही. म्हातारा नीट क्रमाने मरेपर्यंत हे पुस्तक वाचलं असं मी म्हणणार नाही.

ता. २२, सोमवार

सबंध वाट एकच विचार. लपवता आलं असतं. मी शिवलं, मीच उसवलं, कोणाला पत्ता लागला नसता. पण पुस्तकामागच्या तारखांच्या चिठ्ठीवर चौदा शिक्के आहेत. चौदा माणसांनी ते नेलं आणि एकानेही तक्रार केली नाही. हे मला खाऊ लागलं. गेले ग्रंथपाल बाईंकडे आणि सांगून टाकलं. त्या येऊन दोन महिने झाले आहेत आणि कोणी त्यांचं हसू बघितलेलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "कुठलं पुस्तक म्हणालात?"

मी पुढे केलं.

"आठवा आणि नववा?"

"हो बाई. माझी चूक."

त्या उठून दार लावून आल्या. आता मेमो मिळणार म्हणून मी मनात देवाचं नाव घेतलं. तर हळू आवाजात म्हणाल्या, "गेल्या महिन्यात वाचक मंडळात या पुस्तकावर मी पाऊण तास बोलले. लेखकाने काळाची मोडतोड किती धाडसाने केली आहे म्हणून. ती अर्धवट वाक्यं! मी म्हटलं, त्यातून माणसाचं तुटलेपण दिसतं." मग जरा थांबून, "टाळ्यासुद्धा पडल्या हो."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आधी त्या हसल्या की मी, ते आठवत नाही. शेवटी टेबलाचा आधार घ्यावा लागला. जाताना म्हणाल्या, "आजच दुरुस्त करा. आणि हे आपल्या दोघींतच." काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

ता. २४, बुधवार

जुना दोरा उसवला, फर्मे जागेवर लावले, पुन्हा शिवलं. कापणी केली नाही, आहे तेवढीच कड पुरे. पानांवर पेन्सिलने आकडे घातले आणि जेवणाच्या सुट्टीत खळीच्या भांड्याशेजारी बसून वाचलं.

भांडण आधी होतं. मग चहा. मरण त्याच्याही नंतर. म्हणजे तो मुलीशी बोलून, तिच्या हातचा चहा पिऊन मग गेला. मी नऊ वर्षं त्या दोघांना चुकीचं बांधून ठेवलं होतं. एवढंसं सोळा पानांचं काम, पण मला इतकं बरं वाटलं की मी घरी जाताना भिंगरीला आवडतात म्हणून पेरू घेतले. ती म्हणाली, "आता पास?" मी म्हटलं, "आता पास."

दिवस सहा आणि पुस्तक एक.

ता. २७, शनिवार

घाईत मूर्खपणा केला. ग्रंथपाल बाईंना म्हटलं, असं पुस्तक द्या जे हातातून सुटणार नाही. त्यांनी तीनशे बारा पानांची रहस्यकथा दिली. सुटत नाही हे खरं, पण संपतही नाही. खून तिसऱ्या पानावर झालाय आणि संशयित अकरा. मी त्यांची नावं हाताच्या पंज्यावर पेनने लिहून ठेवली आहेत. आज पीठ मळताना दोन संशयित पुसले गेले.

अजून सोळा पुस्तकं बांधायची आहेत. सोमवारी यांचं प्लास्टर काढायला जायचं आहे.

ता. २९, सोमवार

दवाखान्यात चार तास. सत्तर पानं झाली, दवाखान्याचं भलं होवो! पाय सुटला. हे वासराच्या पायांनी दोन पावलं चालले आणि नर्सला म्हणाले, "लिफ्ट आहे का?"

एकशे ऐंशी पुस्तकंही झाली. शेवटचं पुस्तक दाबाखाली ठेवूनच संध्याकाळी निघाले.

पण उद्या तीस. माझी अजून एकोणसाठ पानं बाकी. हे म्हणाले, "शेवटचं पान वाच, खुनी कळला की झालं." मी म्हटलं, "तुम्ही लिफ्टच्या दोन दोऱ्या बांधून तिसरी सोडता का?"

भिंगरीने विचारलं, "किती राहिलं?" सांगितलं. कारखान्यातली मैत्रीण दुपारी येऊन गेली म्हणे. मला धडकी भरली आहे. मी हरले तर ती बुधवारपासून खोके भरायला जाईल, आणि दोष तिचा नसेल. शब्द शब्द असतो.

ता. ३०, मंगळवार

सकाळी हातात पुस्तक घेऊनच उठले. बारा वाजता एकतीस पानं राहिली. शाळेची खिडकी चारला बंद होते. भिंगरी म्हणाली, "चल. तिथे बसून वाच." तिच्या हातात फॉर्म होता. भरलेला, फोटो चिकटवलेला. सही तेवढी राहिली होती. मी म्हटलं, "आत्ताच सही कर ना." म्हणाली, "तू आधी संपव."

शाळेबाहेर ही रांग. शेवटच्या दिवशीच सगळ्यांना जाग येते. ती रांगेत उभी राहिली, मी भिंतीकडेच्या पायरीवर. आजूबाजूला मुलांचा गलबला आणि इकडे संशयित तीनावर आलेले.

मधे मान वर केली तर भिंगरी खिडकीपासून तिसरी. पुन्हा बघितलं तर सातवी! मागच्या गृहस्थांना म्हणत होती, "काका, तुम्ही जा पुढे, मला घाई नाही." मग एका मायलेकींना पुढे पाठवलं, मग तीन मुलांना. पोर कच खातेय, म्हटलं. भरायचाच नाहीये तिला. उठून तिचा हात धरून खिडकीशी उभी करावी असं वाटलं. पण पैजेत तसं नव्हतं. मी डोळे पुसून पुढे वाचलं.

चारला दहा कमी असताना रांगेत ती एकटी उरली. खिडकीतले कारकून म्हणाले, "ए मुली, दुपारपासून बघतोय तुला. द्यायचाय का फॉर्म? मला कुलूप लावायचंय."

"द्यायचाय. आईची चार पानं राहिलीत."

"म्हणजे?"

"खून कोणी केला ते तिला कळलं की देते."

कारकुनांनी मान बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. मी तशीच वाचत होते, ओठ हलत होते, थांबवायला वेळ नव्हता. त्यांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "बाई, चारच्या पुढे मला एक मिनिटही थांबता येत नाही. जरा उरका."

तीन. दोन. भिंगरी येऊन माझ्यापुढे उकिडवी बसली. फॉर्म तिने छातीशी घट्ट धरला होता. तेव्हा मला कळलं की ही कच खात नव्हती. ही माझ्याहून जास्त घाबरली होती. म्हटलं, "बाळा, जा, भर तू. मी घरी जाऊन वाचते, देवाशपथ वाचते."

"नाही. वाच आई. वाच ना गं."

वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत, शेवटच्या टिंबापर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटून म्हटलं, "संपलं!" इतक्या जोरात की कट्ट्यावरची मुलं वळून बघायला लागली.

प्रश्न विचारलाच नाही तिने. माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली आणि पळाली. पळाली! आठ महिन्यांनी माझी भिंगरी पळताना दिसली. शिक्का पडल्याचा आवाज मला पायरीवर ऐकू आला. मग मी तिथेच बसून रडले. लोक बघत होते. चांगलंच रडले.

कारकून खिडकी लावता लावता म्हणाले, "अहो बाई, खुनी कोण ते तरी सांगा."

मी म्हटलं, "वाचनालयात या. पुस्तक उद्या परत करणार आहे."

सुटले बाई एकदाची!

ता. १, बुधवार

आज काहीच वाचलं नाही. बसमध्ये बारा थांबे खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आले तर भिंगरी गणिताचं पुस्तक उघडून खिडकीशी बसली होती. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. वाचताना तिचेही ओठ हलतात, इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. मी आत आल्याचंही तिला कळलं नाही. मोरीत ढीगभर भांडी पडलेली. मी पदर खोचला आणि सगळी घासली, एकाचाही आवाज न होऊ देता.